रिपोर्टवर ‘आरव्हीएच’ आलं तर: उजव्या जवनिकेच्या जाड भिंतीचा माग कसा काढायचा

कधी ईसीजीच्या कागदावर यंत्रच छापून टाकतं, कधी टू-डी इकोच्या शेवटच्या चार ओळींत येतं: आरव्हीएच. म्हणजे हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्याची, उजव्या जवनिकेची, भिंत जाड झाली आहे. घरी येऊन हे नाव मोबाइलवर शोधलं की भलतंसलतं वाचायला मिळतं आणि रात्रीची झोप उडते. म्हणून आधी एक गोष्ट पक्की करा. ‘आरव्हीएचवरची गोळी’ अशी काही नसते. ताप जशी खूण, तशीच ही खूण. या कप्प्याला बराच काळ नेहमीपेक्षा जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतंय, एवढंच ती सांगते. दाब कुठून आला ते शोधायचं. सगळे उपचार त्या उत्तरावर ठरतात.

भिंत जाड का होते

डाव्या जवनिकेला डोक्यापासून पायाच्या नखापर्यंत रक्त पोचवायचं असतं, म्हणून ती १२० मिमी पाऱ्याच्या आसपास दाब तयार करते. उजवीचं काम शेजारच्या घरी वाटी पोचवण्याइतकं: रक्त फक्त फुप्फुसांत जायचं. फुप्फुसधमनीतला वरचा दाब १५ ते ३० मिमी, सरासरी दाब १४ च्या आसपास. कामाच्या मानानं भिंतीही तशाच. डावीची जाडी साधारण ६ ते १० मिमी, उजवीची जेमतेम २ ते ५.

या पातळ भिंतीवर महिनोन् महिने जास्त दाब आला, की रोज पोती उचलणाऱ्या हमालाच्या दंडासारखा तिचा स्नायू भरतो. दाब जाड भिंतीत वाटला जातो, प्रत्येक तंतूवरचा ताण कमी होतो. इथपर्यंत हा शरीराचा शहाणपणाच. पण स्नायू वाढतो त्या प्रमाणात त्याला रक्त देणाऱ्या बारीक वाहिन्या वाढत नाहीत. एरवी उजव्या भिंतीला हृदय आकुंचन पावताना आणि सैलावताना, दोन्ही वेळा रक्त मिळतं. आतला दाब वाढल्यावर मुख्यतः सैलावतानाच मिळतं. कष्ट वाढलेले आणि रेशन कमी. मग तंतूंमध्ये व्रण साठतात, भिंत ताठर होते, आणि शेवटी कप्पा फुगून थकतो.

जाडीवरून काळही कळतो. फुप्फुसात अचानक रक्ताची मोठी गाठ अडकली तर सरावात नसलेली उजवी जवनिका ५०-६० मिमीच्या वर दाब तयारच करू शकत नाही, ती सरळ फुगते. त्यामुळे इकोमध्ये भिंत ३ मिमी आणि कप्पा फुगलेला दिसला, तर गोष्ट तासा-दिवसांची आहे आणि रुग्णालयात धावायचं आहे. भिंत ८ मिमी आणि दाब ८० दिसला, तर दुखणं बरेच महिने किंवा वर्षं मुरलेलं आहे. अशा वेळी घाबरून एका रात्रीत निर्णय घ्यायची गरज नसते, पण शोध पूर्ण करावाच लागतो.

पायरी १: ईसीजी नीट काढलाय का ते बघा

ईसीजीवरचं आरव्हीएच हे अनेकदा यंत्राचं अनुमान असतं. कागद उजेडात धरा. डाव्या कडेला किंवा तळाशी ‘१० मिमी प्रति मिलिव्होल्ट’ आणि ‘२५ मिमी प्रति सेकंद’ छापलेलं हवं. चुकून २० मिमीवर काढला असेल तर प्रत्येक लाट दुप्पट उंच दिसते आणि सगळी मोजमापं वाया जातात.

आता व्ही१ हे लीड शोधा (लीड म्हणजे एका ठरावीक कोनातून काढलेला आलेख; प्रत्येकाशेजारी त्याचं नाव छापलेलं असतं). निरोगी प्रौढात तिथे आधी एक छोटीशी लाट वर जाते (आर) आणि मग खोल खाली येते (एस). उजवी भिंत जाड झाली की चित्र उलटतं: आर उंच, एस लहान. बारीक चौकोन मोजा, एक चौकोन म्हणजे १ मिमी. व्ही१ मधली आर ७ मिमी किंवा जास्त, आणि एसपेक्षा उंच, ही पहिली खूण. व्ही१ ची आर आणि व्ही५ किंवा व्ही६ ची एस यांची बेरीज १०.५ मिमीच्या वर, ही दुसरी. तिसरी खूण अक्षाची, म्हणजे हृदयातल्या विजेच्या एकूण दिशेची. लीड १ मध्ये मुख्य लाट खाली आणि एव्हीएफमध्ये वर असेल, तर अक्ष उजवीकडे झुकलेला आहे. प्रौढात तो ९० अंशांच्या पुढे गेला तर दखल घ्यायची, ११० च्या पुढे गेला तर शंका बळकट. लीड २ मध्ये पी लाट (मुख्य लाटेआधीची छोटी) अडीच चौकोनांपेक्षा उंच असली तर वरचा उजवा कप्पाही ताणाखाली आहे. व्ही१ ते व्ही३-व्ही४ पर्यंत टी लाटा (मुख्य लाटेनंतरच्या) उलट्या असतील तर त्याला ‘स्ट्रेन’ म्हणतात.

या सगळ्यातून एकच खूण सापडली तर तिच्यावर फार विसंबू नका. तीन-चार एकत्र आल्या तर मात्र निदान बहुधा खरं निघतं. उलट बाजूही ध्यानात ठेवा: ईसीजी नॉर्मल आला म्हणून भिंत नॉर्मल असेलच असं नाही. सौम्य जाडी ईसीजीतून सर्रास निसटते. बिडी-सिगारेटने किंवा चुलीच्या धुराने फुप्फुसं फुगलेल्या माणसात तर हवेच्या थरामुळे लाटाच बुटक्या पडतात, आणि खरी जाडीही दिसत नाही.

चुका बहुतेक वेळा वायरींच्या असतात. उजव्या-डाव्या हाताच्या वायरींची अदलाबदल झाली तर लीड १ पूर्ण उलटं येतं आणि यंत्र ‘अक्ष उजवीकडे’ असं छापतं. ओळखायचं कसं? लीड १ मध्ये पी लाटसुद्धा उलटी, एव्हीआर सरळ, आणि छातीची सहाही लीडं मात्र अगदी व्यवस्थित. अशा वेळी पुन्हा ईसीजी काढून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. दुसरी चूक व्ही१ च्या जागेची. तो इलेक्ट्रोड छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या कडेला, चौथ्या फासळी-फटीत बसायला हवा. गडबडीत तो दोन फटी वर लागतो आणि व्ही१ चा आकारच बदलतो. फट मोजण्याची खूण सोपी आहे. गळ्याच्या खळग्यापासून बोट खाली सरकवलं की हाडावर एक आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी दुसरी फासळी, तिच्या खाली दुसरी फट. तिथून दोन फटी खाली उतरायचं.

वायरी बरोबर असूनही व्ही१ मध्ये उंच आर दिसण्याची इतरही कारणं आहेत: उजव्या बंडल शाखेचा अडथळा (मुख्य लाट तीन बारीक चौकोनांइतकी किंवा अधिक रुंद), हृदयाच्या मागच्या भिंतीचा जुना झटका, जन्मजात जादा विद्युतमार्ग, हृदय उजवीकडे असणं. आणि मूल. गर्भात फुप्फुसं बंद असतात, उजवी जवनिका मोठा भार उचलते, म्हणून नवजात बाळाची उजवी भिंत डावीच्या तोडीची असते आणि पुढच्या काही महिन्यांत पातळ होते. तान्ह्या बाळाच्या ईसीजीला प्रौढांचे निकष लावणं ही शुद्ध चूक. बाळात वेगळी खूण शोधतात: पहिल्या आठवड्यानंतर व्ही१ ची टी लाट उलटी व्हायला हवी. ती सरळच राहिली तर बालहृदयरोगतज्ज्ञ कान टवकारतात.

पायरी २: इकोच्या रिपोर्टमधले आकडे वाचा

‘उजवी बाजू किंचित मोठी, सौम्य पीएएच’ (म्हणजे फुप्फुसधमनीतला दाब थोडा वाढलेला) एवढ्या ओळीवर समाधान मानू नका. रिपोर्टमध्ये पुढचे आकडे आहेत का ते पाहा. नसतील तर मागून घ्या, मागण्यात संकोच नको.

उजव्या मोकळ्या भिंतीची जाडी. ५ मिमीच्या वर म्हणजे जास्त. ही बरगड्यांखालून, पोटाच्या वरच्या टोकाला प्रोब ठेवून, हृदय सैलावलेलं असताना मोजायची असते. भिंतीबाहेरची चरबी किंवा आतले स्नायूंचे धागे मोजमापात धरले गेले तर ४ चे ६ व्हायला वेळ लागत नाही. लठ्ठ माणसात हे हमखास होतं. काठावरचा आकडा, म्हणजे ५.२ किंवा ५.५, आला आणि बाकी सगळं ठीक असेल, तर अनुभवी हाताकडून पुन्हा मोजून घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

टीआर वेग. उजव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या तीनदली झडपेतून थोडं रक्त मागे गळतं. त्याच्या वेगावरून आतला दाब काढतात. गणित साधं आहे: वेगाचा वर्ग, गुणिले ४, अधिक उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब. वेग ३.६ मीटर प्रति सेकंद असेल तर ३.६ चा वर्ग १२.९६, गुणिले ४ म्हणजे ५२, अधिक ८, म्हणजे ६०. आता तोच वेग प्रोबच्या तिरक्या कोनामुळे ३.२ मोजला गेला तर उत्तर येतं ४९. वेगातल्या एवढ्याशा फरकानं दाबात ११ चा फरक पडला. म्हणून इकोतला दाब हा अंदाज समजायचा. वेग २.८ पर्यंत आणि इतर खुणा नसतील तर फुप्फुसदाबाची (फुप्फुसधमनीतला दाब वाढल्याची) शक्यता कमी, २.९ ते ३.४ मध्यम, त्यापुढे जास्त.

त्या गणितातले ‘अधिक ८’ येतात आयव्हीसीवरून, म्हणजे पोटातून वर येणाऱ्या मोठ्या शिरेवरून. तिची रुंदी २.१ सेंटिमीटरपर्यंत आणि जोरात श्वास घेताना निम्म्याहून जास्त मिटत असेल तर ३ धरतात. फुगलेली आणि न मिटणारी असेल तर १५. मधल्या अवस्थेत ८.

टॅप्सी. उजव्या जवनिकेचा तळ आकुंचनात किती सरकतो त्याचं माप. १७ मिमीच्या खाली म्हणजे पंप दमलाय. माझ्या मते घरच्यांनी एकच आकडा पाठ करायचा असेल तर दाबाऐवजी हा करावा. कारण आजार फार पुढे गेला की दमलेला कप्पा दाब तयारच करू शकत नाही, आणि रिपोर्टवर दाब ८५ वरून ६० वर ‘उतरलेला’ दिसतो. घरात पेढे वाटायची तयारी होते. त्याच रिपोर्टवर टॅप्सी १८ वरून १२ वर आलेली असते, तिकडे कोणी पाहत नाही.

शेवटी दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा आकार. तो डावीकडे ढकलला जाऊन डावा कप्पा इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखा दिसत असेल, तर उजवीकडचा दाब खरोखर वाढलेला आहे, टीआर नीट मोजता आला नाही तरीही.

पायरी ३: अडथळा नेमका कुठे

उजव्या जवनिकेतून निघालेल्या रक्ताच्या वाटेवर तीन नाकी आहेत, तीही एकामागून एक तपासायची.

पहिलं नाकं दारातच: फुप्फुसधमनीची झडप किंवा तिच्या खालचा स्नायू अरुंद असणं. हे बहुधा जन्मजात. इथे एक फसगत होते. टीआरवरून जवनिकेतला दाब ९० येतो आणि रिपोर्टमध्ये ‘तीव्र फुप्फुसदाब’ लिहिलं जातं, पण झडपेच्या पलीकडे धमनीत दाब अगदी नॉर्मल असतो. झडपेवरचा वेग मोजलाय का हे म्हणून विचारायचं. ४ मीटरच्या वर वेग, म्हणजे ६४ मिमीच्या वर दाबफरक, हा तीव्र अडथळा. ३६ च्या खाली सौम्य. त्याला बहुधा फक्त अधूनमधून तपासणी लागते.

याच नाक्यावर ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ येतं, निळ्या बाळांचं सर्वात परिचित कारण. मार्सेच्या एतिएन-लुई आर्थर फॅलो यांनी १८८८ मध्ये त्याचे चार दोष एकत्र मांडले: पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडची अरुंद वाट, छिद्रावर सरकलेली महाधमनी, आणि जाड उजवी जवनिका. चौथा दोष खरं तर आधीच्यांचा परिणाम आहे.

दुसरं नाकं फुप्फुस. आपल्याकडे इथली गर्दी मोठी. सिगारेट-बिडीचा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा जुनाट आजार) सगळ्यांना माहीत आहे. धूम्रपान न केलेल्या बाईचा सीओपीडी मात्र ‘वयोमानाचा दम’ म्हणून खपतो. तिला तंबाखू ओढता का एवढंच विचारून चालत नाही. स्वयंपाक किती वर्षं चुलीवर केला, गॅस आल्यावरही आंघोळीचं पाणी बंबात किंवा चुलीवरच तापतं का, मशेरी घरात भाजली जाते का, हे विचारावं लागतं. याशिवाय क्षयातून बरं झाल्यावर उरलेले व्रण, दगडखाणीची धूळ, फुप्फुसं कडक करणारे आजार, आणि रात्रभर घोरताना श्वास थांबणं. ऑक्सिजन कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक धमन्या आवळतात. वर्षानुवर्षं आवळलेल्या राहिल्या की त्यांच्याही भिंती जाड होतात.

फुप्फुसाचं मांस ठीक पण रक्तवाहिन्या बिघडलेल्या, असंही असतं. न विरघळलेल्या जुन्या गाठी, स्क्लेरोडर्मासारखे आजार, एचआयव्ही, यकृताचा सिरोसिस, किंवा काहीच कारण न सापडणारा फुप्फुसधमनीचा उच्चदाब. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचा रुग्ण धाप लागते म्हणाला, तर फक्त हिमोग्लोबिन पाहून थांबू नये, इकोही करावा.

जन्मापासून पडद्याला मोठं छिद्र असेल तर फुप्फुसांत सतत जादा रक्त आणि दाब जातो, तिथल्या धमन्या कडक होतात. एक दिवस प्रवाह उलटा फिरतो, ओठ-नखं निळी पडतात. याला आयझेनमेंगर म्हणतात. इथवर पोचल्यावर छिद्र बंद करणं घातक ठरतं, कारण तेच आता उजव्या कप्प्याचा वाफ सोडायचा मार्ग झालेलं असतं. छिद्र बालपणी शोधायचं ते यासाठी.

तिसरं नाकं फुप्फुसांच्या पलीकडे, डाव्या बाजूला. पुढे वाट तुंबली की मागे दाब चढतो. आपल्याकडचं ठळक उदाहरण म्हणजे बालपणीच्या संधिवाती तापाने अरुंद झालेली मायट्रल झडप, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली. तिचं क्षेत्र निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. दीडवर आलं की आजार तीव्र. तरुण बाईला गरोदरपणी पहिल्यांदा धाप लागते, कारण रक्ताचं प्रमाण आणि नाडी दोन्ही वाढतात. तिला दम्याचा पंप दिला जातो. पंपाने फरक पडत नाही, रात्री उशा वाढवाव्या लागतात, थुंकीत रक्ताची रेघ येते, तरी इको होत नाही. असं घडत असेल तर इको लगेच मागा. गरोदरपणात इको निर्धोक आहे.

पायरी ४: तपासण्या कोणत्या क्रमाने

आधी स्वस्त आणि निरुपद्रवी: छातीचा एक्स-रे, बोटावरचं ऑक्सिजन मापन (बसून आणि चालून), हिमोग्लोबिन, यकृत-मूत्रपिंड-थायरॉइड. नंतर स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी. ज्याचा जोडीदार ‘मध्येच श्वास थांबतो’ म्हणतो, त्याची झोपेची तपासणी. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी ३० मीटरच्या सरळ पॅसेजमध्ये होते. पळायचं नसतं, दमलात तर थांबायची मुभा असते, आणि अंतर लिहून ठेवायचं असतं, कारण पुढच्या वर्षी तुलना त्याच्याशीच होणार.

जुन्या गाठींचा शोध हा वारंवार राहून जाणारा टप्पा. त्यासाठी व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारी तपासणी) ही चांगली चाळणी आहे. ती पूर्ण नॉर्मल आली तर जुन्या गाठींची शक्यता जवळजवळ संपते. ती सोय मोठ्या शहरांतच असते, म्हणून अनेकदा सीटी अँजिओग्राफी होते. जुन्या गाठी धमनीच्या भिंतीला सपाट चिकटलेल्या असतात आणि घाईत वाचलेल्या सीटीत निसटतात. फुप्फुसात गाठ होऊन गेलेल्या माणसाला तीन महिने रक्त पातळ करणारी गोळी घेऊनही धाप राहिली, तर हा शोध घेतलाच पाहिजे. या प्रकारात काही रुग्णांना शस्त्रक्रियेने गाठी खरवडून काढून जवळपास पूर्ण बरं करता येतं.

फुप्फुसधमनीच्या उच्चदाबाची महागडी, आयुष्यभराची औषधं सुरू करण्याआधी उजव्या हृदयाचं कॅथेटरायझेशन व्हायला हवं. मानेच्या, हाताच्या किंवा जांघेच्या शिरेतून नळी नेऊन दाब प्रत्यक्ष मोजतात. सरासरी दाब २० च्या वर म्हणजे फुप्फुसदाब वाढलेला. ‘वेज’ हा आकडा डाव्या बाजूचा दाब सांगतो. १५ पर्यंत असेल तर दोष फुप्फुसाच्या वाहिन्यांत, वर असेल तर डाव्या हृदयाकडे बघायचं. उदाहरणार्थ सरासरी ४८, वेज १०, रक्तप्रवाह मिनिटाला ४ लिटर: ४८ उणे १० म्हणजे ३८, भागिले ४, म्हणजे अडथळा ९.५ वूड युनिट. दोनच्या वर तो जास्त मानतात.

पायरी ५: उपचार, नाक्यानुसार

अरुंद झडप असेल तर जांघेतून फुगा नेऊन ती उघडतात, बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. यात एक गंमतीशीर वाटणारी पण गंभीर अडचण आहे. झडप उघडते, समोरचा दाब एकदम उतरतो, आणि तिच्या खालचा जाड झालेला स्नायू आता इतक्या जोराने आवळतो की वाट स्वतःच बंद करायला निघतो. म्हणून फुग्यानंतरही काही मुलांना आकुंचनाचा जोर कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल चालू ठेवतात. स्नायू पातळ होत गेला की काही महिन्यांत हा फरक ओसरतो. ‘झडप उघडली, मग दाबफरक का उरला?’ याचं उत्तर अनेकदा हेच.

फॅलोचं बाळ रडताना अचानक गडद निळं पडलं, तर त्याचे दोन्ही गुडघे पोटातून छातीशी घट्ट दुमडून धरा आणि कुशीत शांत करा. पायांकडचा रक्तमार्ग दाबला गेला की रक्त फुप्फुसाकडे वळतं. थोडी मोठी मुलं खेळता खेळता आपणहून उकिडवी बसतात, ती याचसाठी. झटका ओसरला तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. दुरुस्तीची शस्त्रक्रिया आता बहुधा पहिल्या वर्षातच करतात. खर्चासाठी अंगणवाडी किंवा शाळेच्या तपासणीतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे नाव नोंदवा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. शस्त्रक्रियेनंतर ‘झालं एकदाचं’ म्हणून तपासणी बंद करणं ही मोठी चूक: दुरुस्त केलेली झडप गळू लागली तर वीस-पंचवीस वर्षांनी उजवा कप्पा फुगलेला सापडतो.

मायट्रल झडपही बऱ्याचदा फुग्याने उघडता येते. त्यासोबत दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. मोठ्यांना डोस १२ लाख युनिट. ते दुखतं, म्हणून चुकवलं जातं. चुकलं की ताप उलटतो आणि झडप पुन्हा खराब होते.

सीओपीडीत धूर थांबवणं, पंप नीट ओढायला शिकणं, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी. सिल्डेनाफिलसारखी फुप्फुसधमनीची औषधं इथे सरसकट द्यायची नसतात. ती खराब भागातल्या वाहिन्याही उघडतात, रक्त हवा नसलेल्या भागातून फिरतं आणि ऑक्सिजन आणखी उतरू शकतो.

खऱ्या फुप्फुसधमनी-उच्चदाबात मात्र हीच औषधं कामाची: सिल्डेनाफिल २० मिग्रॅ दिवसातून तीनदा, किंवा टाडालाफिल, जोडीला बोसेंटन, ॲम्ब्रिसेंटन, मॅसिटेंटन यांपैकी एक. बोसेंटनवर दर महिन्याला यकृताची तपासणी हवी. या गटात गर्भ राहणं आईच्या जिवावर बेतू शकतं, आणि बोसेंटनसारख्या गोळ्या गर्भालाही घातक, म्हणून गर्भनिरोधाचं बोलणं पहिल्याच भेटीत झालं पाहिजे. गोळ्या संपल्या म्हणून चार दिवस बंद, असं चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची चेतावणी. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेणाऱ्याने जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायचं नाही. छातीत दुखलं की शेजारचे काका खिशातली गोळी काढून देतात. ही दोन औषधं एकत्र आली की रक्तदाब कोसळतो. पाकिटात, मोबाइलच्या कव्हरमागे, तशी चिठ्ठीच ठेवा.

पायरी ६: घरी रोज काय

पहाटे लघवी करून, चहाच्या आधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते पाणी आहे. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा उरला तर सूज. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर त्यानेही घोटे सुजतात, ही शक्यता डॉक्टरांच्या कानावर घाला, नाहीतर उगाच लघवीची गोळी वाढते.

लघवीच्या गोळ्यांची मात्रा हे तारेवरचं काम आहे. पाणी साठलं तर पोट-पाय सुजतात. फार काढलं तर जाड, ताठर कप्पा भरतच नाही, उठताना भोवळ येते, पोटऱ्यांत गोळे येतात. जुलाब लागले किंवा मे महिन्याच्या उन्हात घाम फार गेला, तर गोळी तशीच चालू ठेवायची का हे फोन करून विचारा. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्या पदार्थांत मिळून. भाजीतलं मीठ कमी करून पानात लोणचं, पापड, कुरडई, खारवलेली मिरची तशीच राहिली तर उपयोग नाही. उपासाचे वेफर आणि पापड्याही त्यातच मोजा. निर्जळी उपास मात्र नकोच. नखं निळी असलेल्या रुग्णाचं रक्त आधीच घट्ट असतं, पाणी तोडल्यावर गाठ होण्याचा धोका वाढतो.

घरी ऑक्सिजन लावायचा निर्णय स्थिर अवस्थेत, साध्या हवेत मोजून घ्यायचा: रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ५५ मिमी किंवा कमी, अथवा संपृक्तता (बोटावरच्या यंत्राचा आकडा) ८८ टक्के किंवा कमी. उजव्या हृदयावर ताण दिसत असेल तर ५६ ते ५९ लाही देतात. एकदा ठरला की दिवसाला किमान १५ तास, झोप धरून. दम लागल्यावर दहा मिनिटं लावून काढून ठेवण्याने भिंतीवरचा भार कमी होत नाही. सीओपीडीत लक्ष्य ८८ ते ९२. आकडा ९८ दिसावा म्हणून नॉब फिरवलात तर कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं जड होतं, माणूस गुंगीत जातो. ऑक्सिजन यंत्राच्या बाटलीतलं पाणी रोज बदला, फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवा, वीज जाते तिथे छोटा सिलिंडर हाताशी ठेवा. देवघरातलं निरांजन आणि उदबत्ती दुसऱ्या खोलीत. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलिन लावू नका, पाण्यावर आधारित मलम वापरा. बोटावरच्या यंत्रासाठी नेलपेंट आणि गडद मेंदी नसलेलं बोट निवडा, आणि हात गार असेल तर आधी चोळून गरम करा.

महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, स्थिर रुग्णाला ते बहुधा झेपतं. केदारनाथ साधारण ३,५८० आणि अमरनाथ ३,८८० मीटरवर. तिथे ऑक्सिजन कमी, फुप्फुसाच्या धमन्या आवळतात, उजवा कप्पा अडचणीत येतो. फुप्फुसदाब असलेल्याने ही यात्रा टाळलेली बरी, घोड्यावरून किंवा हेलिकॉप्टरने गेलं तरी उंची तीच. विमानातली हवाही साधारण २,४०० मीटर उंचीइतकी विरळ असू शकते, म्हणून लांबच्या प्रवासाआधी ऑक्सिजनबद्दल विचारून ठेवा.

श्रम करताना शुद्ध हरपणं, थुंकीतून रक्त, अचानक वाढलेली धाप, एकाच पायाची दुखरी सूज, बसल्या जागी निळे ओठ: यांपैकी काहीही झालं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट तातडीच्या विभागात जायचं.

तिथे जाताना जुने ईसीजी न्या. नव्याशी तुलना झाली की जाडी जुनी की ताजी हे मिनिटात कळतं. पण ईसीजीचा तो गुलाबी कागद उष्णतेने छापलेला असतो, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आणि उन्हात वर्षभरात पुसट होतो. काढला त्याच दिवशी टेबलावर सपाट ठेवून, तारीख आणि ‘१० मिमी’ची खूण दिसेल असा फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनवर पाठवून ठेवा.